जर्मन शब्द पाठ करू नका, फोडून शिका (मराठी येत असेल तर अर्धं काम आधीच झालंय)

ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत, जिथे बघावं तिथे आता जर्मन शिकणारं कोणीतरी भेटतंच. नर्सिंग झालेल्या मुली, मास्टर्सला जाणारी इंजिनिअरिंगची पोरं, ऑफिसात जर्मन क्लायंट आला म्हणून लागलेले लोक. सगळ्यांना भीती घातलेली असते ती ग्रामरची, डेअर-डी-डासची (नामाच्या पुढे लिंगाप्रमाणे लागणारे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी शब्द), पण खरं सांगते, ए-टू (ए-वन, ए-टू, बी-वन अशा चढत्या पातळ्यांमधली दुसरी) संपेपर्यंत माणूस दमतो तो शब्दांनी. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-वनच्या लिस्टमध्ये साधारण 650 शब्द असतात आणि बी-वनला तोच आकडा 2400च्या आसपास जातो. मग रोज तीस शब्द पाठ, आठवड्याने त्यातले वीस गायब, असं चालू होतं आणि माणूस म्हणतो आपल्याला नाही जमत.

जमतं. त्या वाढलेल्या शब्दांमधले बरेचसे नवीन नसतातच, जुन्याच शब्दांना पुढे काहीतरी लावून किंवा दोन शब्द चिकटवून केलेले असतात. आणि ही युक्ती आपल्याला शाळेत शिकवलेली आहे, उपसर्ग म्हणून. हृ हा एक धातू, त्याचे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात, संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेलं आठवत असेल. जर्मन क्रियापदं अगदी याच रीतीने चालतात, म्हणून मी सगळ्यांना सांगते की अर्थ इंग्लिशमधून घेऊ नका, थेट मराठीतून घ्या.

इथे मी जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीत देतेय, पण वहीत तुम्ही जर्मन स्पेलिंगच लिहा, नाहीतर परीक्षेत लिहिताना पंचाईत होईल.

आधी मूळ क्रियापदं, आणि त्यांचा हातापायाने करता येणारा अर्थ

पहिल्या आठवड्यात वीसेक साधी क्रियापदं निवडा, जास्त नको. गेएन जाणे, कोमन येणे, श्टेएन उभं असणे, नेमन घेणे, गेबन देणे, माखन करणे, फालन पडणे, त्सीएन ओढणे, हाल्टन धरणे, लाउफन चालणे-धावणे, श्प्रेशन बोलणे, काउफन विकत घेणे, श्लाफन झोपणे, असे. प्रत्येकाचा एकच अर्थ लिहा, आणि तो असा हवा की करून दाखवता येईल. डिक्शनरीत त्सीएनच्या खाली दहा अर्थ दिसतील, ते आत्ता सोडून द्या, ‘ओढणे’ एवढंच पक्कं करा, बाकीचे अर्थ पुढे आपोआप त्यातूनच निघतात.

मग उपसर्ग, तेही आधी दिशेचे

जर्मनमध्ये उपसर्ग दोन जातींचे. एक सुटे होणारे आणि एक न सुटणारे. सुटे होणारे सोपे कारण त्यांना स्वतःचा अर्थ असतो, बहुतेक वेळा दिशा. आयन म्हणजे आत, आउस म्हणजे बाहेर, आउफ म्हणजे वर किंवा उघडं, त्सू म्हणजे बंद किंवा -कडे, आप म्हणजे पासून दूर, आन म्हणजे लागून किंवा सुरू, मिट म्हणजे सोबत, त्सुऱ्युक म्हणजे परत, उम म्हणजे भोवती किंवा बदलून.

हे पाठ करायची जागा म्हणजे आपली लोकल. श्टायगन म्हणजे चढणे. ठाण्याला पनवेल गाडीत आत चढलात, आयनश्टायगन. ऐरोलीला बाहेर पडलात, आउसश्टायगन. कल्याणहून आलात आणि ठाण्याला ट्रान्सहार्बरसाठी गाडी बदललीत, उमश्टायगन. गाडी सुटली, आपफारन. पोचलात, आनकोमन. मित्र म्हणाला मीपण येतो, मिटकोमन. संध्याकाळी घरी परत, त्सुऱ्युककोमन. आणि रविवारी मेगाब्लॉकमुळे गाडीच रद्द झाली तर आउसफालन, म्हणजे ‘बाहेर पडणे’, वेळापत्रकातून गळून पडली. जर्मनीतल्या स्टेशनवर हा शब्द रोज कानावर पडतो, डेअर त्सूक फेल्ट आउस, म्हणून आत्ताच घोटून ठेवा.

घरीही असंच करायचं. दार उघडलं, आउफमाखन, लावलं, त्सूमाखन. पंखा लावला, आनमाखन, बंद केला, आउसमाखन. तोंडाने मोठ्याने म्हणा, घरचे हसले तरी म्हणा, कारण शब्द आणि ती हालचाल एकदम झाली की तो शब्द परत विचारावा लागत नाही.

वाक्यात उपसर्ग शेवटी पळतो, त्याची सवय

‘मी सहाला उठते’ हे जर्मनमध्ये इश श्टेअं उम झेक्स ऊअर आउफ असं होतं. क्रियापद आउफश्टेएन, पण आउफ थेट वाक्याच्या टोकाला. नवीन मुलांना हे फार विचित्र वाटतं. पण वेदांच्या संस्कृतमध्येसुद्धा उपसर्ग क्रियापदापासून लांब, मध्ये दुसरे शब्द टाकून येतो, पाणिनीने त्याचा वेगळा नियम नोंदवून ठेवलाय. आणि शेवटापर्यंत ऐकून घ्यायची सवय मराठी माणसाला असतेच, आपलं क्रियापद शेवटीच येतं, ‘मी उद्या आईला घेऊन डॉक्टरांकडे’ एवढं ऐकून कोणालाच कळत नाही की जाणार आहे की जाणार नाही. तसंच जर्मन ऐकताना टोकाचा छोटा शब्द येईपर्यंत अर्थ ठरवायचा नाही. एखादं वाक्य ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ने सुरू झालं तर क्रियापद स्वतःच शेवटी जातं आणि उपसर्ग परत त्याला चिकटतो, ...वाइल इश उम झेक्स ऊअर आउफश्टेअं. हे तर मराठीसारखंच झालं.

सुटा होणारा कोणता आणि न सुटणारा कोणता हे लिस्टवरून नका शोधू, कानाने ओळखा. जोर उपसर्गावर पडला, आउफ-श्टेएन, तर तो सुटतो. जोर मूळ क्रियापदावर पडला, फेअर-श्टेएन, तर सुटत नाही. भूतकाळातही हाच फरक उपयोगी पडतो, सुटणाऱ्यात मध्ये ‘गे’ घुसतो, आउफगेश्टांडन, न सुटणाऱ्यात ‘गे’ येतच नाही, फेअरश्टांडन. म्हणून नवीन शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायचीच.

न सुटणारे: इथे घाई करू नका

हे आठ आहेत, बे, एंट, एअर, फेअर, त्सेअर, मिस, गे आणि एम्प. शेवटचे दोन बाजूला ठेवा, गे लावलेले शब्द सरळ तसेच शिकायचे आणि एम्प तर मोजक्याच शब्दांत येतो. मिस म्हणजे गैर, मिसफेअरश्टेएन म्हणजे गैरसमज होणे. त्सेअर म्हणजे तुकडे तुकडे, ब्रेशन तोडणे आणि त्सेअरब्रेशन फुटून तुकडे होणे. झालं.

बे थोडा ग्रामरचा आहे, तो क्रियापदाला थेट कर्म देतो. आन्टवोर्टन म्हणजे उत्तर देणे, त्यात ‘प्रश्नाला’ म्हणायला मध्ये आउफ लागतो, पण बेआन्टवोर्टन केलं की प्रश्न सरळ कर्म होतो, मधला शब्दच नको. बी-वनच्या लेखी पेपरात हे फार कामाला येतं.

एंट मला स्वतःला सगळ्यात आवडतो. एंट म्हणजे काढून टाकणे, सुटणे. डेकं म्हणजे पांघरूण किंवा आच्छादन, ते काढलं की एंटडेकन, शोध लावणे. शुल्ट म्हणजे दोष, तो काढून टाका, एंटशुल्डिगन, म्हणजे माफ करणे, रोजचं एंटशुल्डिगुंग तिथून आलं. आणि टॉयशुंग म्हणजे फसवणूक, भ्रम. तो काढला की एंटटॉयशन. इंग्लिशमधून शिकलात तर ‘डिसअपॉइंट’ असं कोरडं पाठ कराल, मराठीत मात्र आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे, भ्रमनिरास करणे. एकदा हे दिसलं की तो शब्द विसरणं शक्यच नाही. एंटचा दुसरा अर्थ सुरुवात होणे, एंटश्टेएन म्हणजे उद्भवणे, तो पुढे बघा.

एअर म्हणजे क्रिया तडीस नेणे. फिंडन सापडणे, एअरफिंडन शोधून काढणे, नवीन बनवणे. राइशन पोचणे-पुरणे, एअरराइशन गाठणे. आणि कधी कधी तडीस म्हणजे अगदी मृत्यूपर्यंत, ट्रिंकन पिणे पण एअरट्रिंकन बुडून मरणे, फ्रीरन गारठणे पण एअरफ्रीरन गारठून मरणे.

आता फेअर. याला सगळे घाबरतात, आणि त्याचं कारण खरं आहे, हा एक उपसर्ग नाहीच, जुन्या काळचे वेगवेगळे उपसर्ग झिजून एकाच आवाजात मिसळलेत. त्यामुळे त्याला एक अर्थ शोधत बसू नका, वहीत फेअरसाठी चार रकाने करा आणि नवीन शब्द आला की कुठल्या रकान्यात बसतो ते ठरवा. पहिला रकाना ‘हातातून गेलं’, काउफन विकत घेणे तर फेअरकाउफन विकणे, शिवाय फेअरलीरन हरवणे. दुसरा ‘चुकलं’, यात क्रियापदापुढे झिश म्हणजे ‘स्वतःला’ लागतो, झिश फेअरलाउफन म्हणजे चालता चालता रस्ता चुकणे, कोपरखैरणेच्या सेक्टरांमध्ये पहिल्यांदा गेल्यावर होतं ते, गाडीने चुकलात तर झिश फेअरफारन, मोजताना चुकलात तर झिश फेअरत्सेलन, बोलताना जीभ घसरली तर झिश फेअरश्प्रेशन. तिसरा ‘तसं करून टाकलं’, यात विशेषणापासून क्रियापद होतं, बेसर म्हणजे जास्त चांगलं, फेअरबेसर्न सुधारणे, आइनफाख सोपं, फेअरआइनफाखन सोपं करणे. चौथा ‘संपेपर्यंत’, ब्राउखन लागणे, फेअरब्राउखन वापरून संपवणे. आणि जे कुठेच बसत नाहीत, जसं फेअरश्टेएन समजणे किंवा झिश न लावता फेअरश्प्रेशन म्हणजे वचन देणे, ते पानाच्या तळाला लिहा, ओढूनताणून रकान्यात कोंबू नका.

मराठीची खास मदत: टाकणे, जाणे, लागणे

हे कुठल्याच इंग्लिशमधून शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये मिळणार नाही म्हणून नीट सांगते. आपण नुसतं ‘खाल्लं’ म्हणत नाही, ‘खाऊन टाकलं’ म्हणतो, आणि दोन्हीत फरक असतो. जर्मन हाच फरक उपसर्गाने करतं. एसन खाणे, आउफएसन खाऊन टाकणे. ट्रिंकन पिणे, आउसट्रिंकन पिऊन टाकणे. श्लाफनचं बघा, आयनश्लाफन झोप लागणे, आउसश्लाफन मनसोक्त झोपून उठणे, फेअरश्लाफन झोपून राहणे, म्हणजे गजर झाला, बंद केला आणि 8.12 ची गाडी गेली, ते. असे मराठी अर्थ लिहिलेत तर फरक लगेच जाणवतो.

एका क्रियापदाला एक पान

आता मुख्य काम. दोनशे पानी वही घ्या आणि एका पानावर एकच कुटुंब. मी त्सीएनचं पान इथे पूर्ण करून दाखवते.

मध्यभागी त्सीएन, ओढणे. अंगावर ओढलं, आनत्सीएन, कपडे घालणे. अंगातून बाहेर ओढलं, आउसत्सीएन, कपडे काढणे. त्याच आउसत्सीएनचा दुसरा अर्थ घर सोडणे, आपलं बिऱ्हाड बाहेर ओढलं. नव्या घरात बिऱ्हाड आत ओढलं, आयनत्सीएन. आणि 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं, मालकाने भाडं वाढवलं, म्हणून घणसोलीतून उचलून ऐरोलीत गेलात, ते उमत्सीएन, घर बदलणे, इथे उम म्हणजे तेच गाडी बदलायचं उम. झिश उमत्सीएन झालं तर कपडे बदलणे. एका रकमेतून दुसरी ओढून काढली, आपत्सीएन, वजा करणे. एक गोष्ट पुढे ओढली, फोरत्सीएन, पसंती देणे. मुलाला ओढून वर आणलं, एअरत्सीएन, वाढवणे, वळण लावणे, इथे एअरचा ‘तडीस’ दिसतोय. हातातून ओढून घेतलं, एंटत्सीएन, काढून घेणे.

मग त्याच पानाच्या खालच्या भागात नामं. त्सीएनचं नाम त्सूक, म्हणजे ट्रेन, जी डबे ओढते (स्पेलिंगमध्ये शेवटी ग आहे, पण जर्मनमध्ये शब्दाच्या टोकाचा ग क होतो, ब प होतो आणि ड ट होतो). आनत्सूक म्हणजे सूट, अंगावर ओढायचा. उमत्सूक म्हणजे घर बदलणं, आणि मिरवणूकसुद्धा. एअरत्सीउंग संगोपन. बेत्सीउंग नातं, संबंध. एका पानावर पंधरा शब्द झाले आणि पाठ करायचा शब्द खरं तर एकच होता. श्टेएन, कोमन, नेमन, फालन, हाल्टन यांची पानं अशीच भरतात. आठवड्याला दोन पानं पुष्कळ झाली, त्याच्या पुढे जाऊ नका, कारण प्रत्येक शब्दाचं एक स्वतःचं वाक्य लिहायचंय आणि त्याला वेळ लागतो. वाक्यही तुमच्या आयुष्यातलं, पुस्तकातलं नको.

नामांचं लिंगही इथेच उरकून घ्या. जोडशब्दात लिंग शेवटच्या शब्दाचं, क्रांकनहाउस म्हणजे हॉस्पिटल, त्यात शेवटी हाउस (घर) आहे म्हणून डास. उंग, हाइट, काइट, शाफ्ट यांनी संपणारं डी. शेन आणि लाइन लागलेलं छोटं रूप नेहमी डास. बाकीच्यांना लिंगासकट पाठांतर आहेच, त्याला मार्ग नाही.

मूळ शोधा, पण पुलासारखं वापरा

जर्मन, इंग्लिश आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा. भारतात गोएथे इन्स्टिट्यूटला मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते ज्यांच्या नावाने, ते म्युलर 1823 साली जर्मनीत देसाउला जन्मलेले संस्कृतचे अभ्यासक, ऋग्वेदाची संपादित आवृत्ती काढणारे. काळा घोड्याच्या त्या इमारतीत परीक्षेला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

या कुळातले आवाज मनाला येईल तसे बदललेले नाहीत, नियमाने बदललेत. याकोब ग्रिम यांनी, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्यांनी, 1822 मध्ये हे नियम मांडले. संस्कृतचा द इंग्लिशमध्ये ट आणि जर्मनमध्ये त्स होतो: द्वि, टू, त्स्वाय. दश, टेन, त्सेन. दंत, टूथ, त्सान. संस्कृतचा प तिकडे फ होतो: पितृ-फाटर, पाद-फूस, पंच-फ्युन्फ. त्रि, थ्री, ड्राय आणि भ्रातृ, ब्रदर, ब्रूडर. शिवाय नाम-नामं, नासा-नाझं, जानु-क्नी, मूषक-माउस, द्वार-ट्यूर, विधवा-विटवं, स्वादु-झ्यूस, आणि विद् म्हणजे जाणणे, त्याचं विसन.

रोजच्या वापराला मात्र इंग्लिश-जर्मन पूल जास्त उपयोगी, कारण तिथे शेकडो शब्द मिळतात. इंग्लिशमधला प जर्मनमध्ये फ किंवा प्फ, शिप-शिफ, ॲपल-आप्फल. ट चा स किंवा त्स, वॉटर-वासर, टंग-त्सुंगं. क चा ख किंवा श, मेक-माखन, मिल्क-मिल्श. ड चा ट, ड्रिंक-ट्रिंकन. थ चा ड, थँक-डांकन. अनोळखी शब्द आला की आधी हे आवाज उलटे करून बघा.

पण अंदाज केला की डिक्शनरीत तपासायचाच, हे सोडू नका. डीडब्ल्यूडीएस नावाची जर्मन डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे शब्दाखाली त्याचं मूळ दिलेलं असतं. फसवणारे शब्द आहेतच: बेकोमन म्हणजे मिळणे, त्याचा ‘बिकम’शी अर्थाने संबंध नाही. शेफ म्हणजे बॉस. गिफ्ट म्हणजे विष. या गिफ्टचं मूळ गेबन म्हणजे ‘देणे’च, दिलेला डोस असा अर्थ सरकत सरकत विषापर्यंत गेला, आणि जुना अर्थ मिटगिफ्टमध्ये टिकून राहिला, मिट सोबत, सोबत दिलेलं, हुंडा.

उजळणी

फ्लॅशकार्ड अ‍ॅप वापरत असाल तर कार्डावर सुटा शब्द टाकू नका. पुढे मराठी वाक्य, ‘आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय’, मागे पूर्ण जर्मन वाक्य. मराठीकडून जर्मनकडे जायचं, उलटं नाही, कारण उलटं केलं की ओळखता येतं पण बोलता येत नाही. आणि रोज वहीचं एक जुनं पान झाकून, मधलं क्रियापद तेवढं दिसेल असं ठेवून, आजूबाजूचे शब्द आठवून लिहा. ठाणे ते वाशी बसायला जागा मिळाली तर एक पान आरामात होतं.

बी-वनला पोचलात की एक शेवटची जात भेटेल, दोन्हीकडे चालणारे उपसर्ग, उम, युबर, डुर्श, उंटर, वीडर. इथे जोर बदलला की अर्थ बदलतो. उम-वर जोर देऊन उमफारन म्हणजे गाडीने एखाद्याला पाडणे, आणि फारन-वर जोर दिला तर त्याच्या बाजूने वळसा घालून जाणे, तेव्हा ड्रायव्हिंगच्या गप्पा मारताना सांभाळा. युबर-वर जोर, युबरझेत्सन, म्हणजे होडीने पलीकडे नेणे, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने जातात तसं. झेत्सन-वर जोर दिला की भाषांतर करणे. साधारण बघितलं तर जोर उपसर्गावर असताना अर्थ हाताने दाखवता येतो आणि तेव्हाच तो सुटतो, जोर क्रियापदावर गेला की बऱ्याचदा अर्थ डोक्यातला होतो. अपवाद आहेत, वळसा घालणारं उमफारनच बघा. या पाच उपसर्गांची पानं वहीत शेवटी वेगळी ठेवा, आणि प्रत्येक शब्द दोन्ही जोरांनी मोठ्याने वाचून मगच त्याचं वाक्य लिहा.